विकलांग चिकित्सा, पुण्यातील

विकलांग चिकित्सा, पुण्यातील : हाडे, सांधे, स्नायू आणि त्यांना जोडणारे कंडरा व बंध यांच्या विकारांचे निदान, त्यांवरील उपचार व त्यांमुळे आलेल्या अपंगत्वाचे निवारण यांचा विचार वैद्यकाच्या ज्या शाखेत होतो, तिला विकलांग चिकित्सा म्हणतात. ‘ऑर्थोपीडिक्स’ या तिच्या पाश्चात्त्य नावाचा मूळ अर्थ ‘बालकास सरळ करणे’ असा असून नीकॉला आंद्री या फ्रेंच वैद्यांनी १७४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते नाव प्रथम योजिले. पुणे शहरात या शाखेची वाढ लष्करी छावणी, सरकारी रुग्णालय, खाजगी पुढाकारातून निघालेल्या संस्था आणि संशोधन केंद्रे अशा चार प्रवाहांतून झाली. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे कार्य येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाल्यामुळे भारतातील या शाखेच्या इतिहासात पुण्याला विशेष स्थान प्राप्त झाले आहे.

विकारांचे स्वरूप : वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे विकार सामान्यतः कारणांनुसार शिकविले जातात. त्यांचे ढोबळ वर्ग पुढीलप्रमाणे आहेत : (१) जन्मजात विकार, उदा., आत वळलेले पाऊल, नितंबसंधीचे स्थानांतर. (२) आघातजन्य, उदा., अस्थिभंग, सांधा निखळणे, बंध तुटणे. (३) संक्रामणजन्य, उदा., अस्थिमज्जाशोथ, हाडांचा व सांध्यांचा क्षय. (४) पोषणज व चयापचयजन्य, उदा., मुडदूस, हाडे मृदू किंवा विरळ होणे. (५) शोथजन्य व झिजेमुळे होणारे, उदा., संधिवाताभ संधिशोथ, उतारवयातील गुडघ्यांची झीज. (६) तंत्रिका व स्नायू यांच्याशी निगडित, उदा., बालपक्षाघात, कुष्ठरोगातील तंत्रिकाशोथ, स्नायूंचा आनुवंशिक अपक्षय, (७) अर्बुदे.

ही वर्गवारी सर्वत्र सारखीच असली, तरी त्यांपैकी कोणत्या विकाराचे रुग्ण अधिक आढळतात हे त्या त्या काळाच्या समाजस्थितीवर अवलंबून असते. पुण्यात प्रथम लढाई व शेतीकाम यांतील आघात, नंतर क्षय व बालपक्षाघात, पुढे वाहनांचे अपघात आणि अलीकडे आयुर्मान वाढल्यामुळे सांध्यांची झीज असा क्रम बदलत गेलेला दिसतो. या विकारांमुळे मृत्यू येण्यापेक्षा मनुष्य कामातून जाण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे हाड सांधले की नाही, यापेक्षा रुग्ण पुन्हा उभा राहिला की नाही, ही या चिकित्सेची खरी कसोटी होय.

प्राचीन व पारंपरिक चिकित्सा : युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय बसविल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. सुश्रुतसंहितेत भग्नाचे संधिमुक्त (सांधा निखळणे) व कांडभग्न (हाड मोडणे) असे दोन भेद मानले असून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. ओढून जागेवर आणणे, दाबून बसविणे व नंतर बांधणे हा उपचारांचा क्रम, वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादींच्या सालींच्या किंवा बांबूच्या कामट्यांचा उपयोग आणि पायाचे हाड मोडलेल्या रुग्णास फळीवर बांधून निजविण्याची कपाटशयन ही पद्धत हे सर्व त्या ग्रंथात आले आहे. कर्षण, स्थानस्थापन व अचलीकरण ही आजच्या चिकित्सेतील तत्त्वे त्यात बीजरूपाने आढळतात.

पुढील काळात हे कौशल्य ग्रंथांपेक्षा घराण्यांतून व धंद्यांतून टिकून राहिले. हाडवैद्य, तसेच तालमीतील वस्ताद निखळलेला खांदा बसविणे, मुरगळलेला घोटा चोळून बांधणे अशी कामे करीत. पुणे परिसरातील कारागिरांच्या शस्त्रकौशल्याचा एक विश्वसनीय पुरावा पेशवाईच्या अखेरच्या काळातील आहे. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा-कौले करणाऱ्या जातीच्या एका माणसाने कपाळावरील कातडीचा पट्टा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या नियतकालिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे यूरोपीय शस्त्रवैद्यांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. ही शस्त्रक्रिया हाडांची नसली, तरी शरीराचे गेलेले रूप व कार्य परत मिळवून देण्याची कला येथे कोणत्या थरात जिवंत होती, ते तीवरून कळते.

पारंपरिक चिकित्सेला मर्यादाही होत्या. हाडाची स्थिती डोळ्यांना दिसत नसल्याने ते वाकडे सांधण्याचा संभव असे. कामट्या फार घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा खुंटून हाताचे स्नायू मरतात, आखडतात व बोटे कायमची वाकतात. रिखार्ट फोन फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यांनी १८८१ मध्ये वर्णिलेली ही विकृती लहान मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगानंतर विशेषेकरून उद्भवते. कोपर दुखावल्यावर जोराने चोळल्यास स्नायूंत हाड तयार होऊन सांधा जखडतो. असे रुग्ण रुग्णालयात उशिरा आल्यास हात वाचला तरी पकड परत मिळविणे कठीण होते.

ब्रिटिश अंमल : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर पुणे व खडकी येथे लष्करी छावण्या वाढल्या. शहरातील सर्वसामान्यांसाठी मोठे रुग्णालय मात्र डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. १८६७ मध्ये बांधून पूर्ण झालेले ससून रुग्णालय सुरुवातीस सु. १४४ रुग्णांच्या सोयीचे होते. निराधार व पंगू व्यक्तींना आसरा देण्यासाठी अनाथ पंगुगृह हे ससून यांच्या नावाचे दुसरे धर्मादाय कार्यही त्याच सुमारास पुण्यात सुरू झाले. एका ठिकाणी उपचार व दुसऱ्या ठिकाणी आश्रय, अशी ती व्यवस्था होती. पंगू मनुष्याला पुन्हा कामावर परत पाठविण्याची कल्पना अद्याप रूढ झाली नव्हती.

ज्या वर्षी ससून रुग्णालय पूर्ण झाले, त्याच वर्षी जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अम्लाने जखमा जंतुरहित ठेवण्याच्या पद्धतीवरील आपले लेख प्रसिद्ध केले. तोपर्यंत हाड कातडीबाहेर आलेल्या अस्थिभंगात रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी अवयव कापून टाकणे हाच सर्वसाधारण उपाय असे. १८४६ पासून प्रचारात आलेले शुद्धिहरण, आंटोनीउस माटायसन यांनी १८५२ मध्ये पुढे आणलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे बंध आणि १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांनी लावलेला क्ष-किरणांचा शोध यांमुळे या शाखेचे स्वरूप पालटले. क्ष-किरणांमुळे हाडाची स्थिती प्रथमच डोळ्यांना दिसू लागली व अनुमानाची जागा निदानाने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ससून रुग्णालयास जोडून निघालेल्या वैद्यकीय विद्यालयास बैरामजी जीजीभाई यांचे नाव देण्यात आले. १९४६ मध्ये त्याचे महाविद्यालयात रूपांतर झाले. ससून रुग्णालयातील कक्ष हे पुढील अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिक्षणाचे ठिकाण ठरले.

महायुद्धे व सैनिकांचे पुनर्वसन : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) भारतीय सैनिक मोठ्या संख्येने जायबंदी झाले. हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकांना एखादा धंदा शिकविता यावा म्हणून लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल स्थापन झाले आणि १९२२ मध्ये ते खडकी येथे हलविण्यात आले. जखम भरणे म्हणजे उपचार संपणे नव्हे, हे तत्त्व पुणे परिसरात या संस्थेच्या रूपाने प्रथम मूर्त झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्राची स्थापना झाली. देशात अशा प्रकारच्या सोयी अत्यल्प असताना या केंद्राने सैनिकांबरोबरच नागरिकांनाही कृत्रिम हातपाय पुरविले. कृत्रिम पाय बसविणे हे केवळ सुतारकाम वा लोहारकाम नाही. कापलेल्या अवयवाचा उरलेला खुंट योग्य आकाराचा व्हावा म्हणून त्यावर पट्ट्या बांधाव्या लागतात, सांधा आखडू नये म्हणून व्यायाम द्यावा लागतो आणि शरीराचा भार खुंटाच्या टोकावर न येता तो सोसू शकणाऱ्या भागांवर विभागला जाईल अशी खोबण तयार करावी लागते. ती किंचित चुकली तरी कातडी सोलवटते व रुग्ण पाय काढून ठेवून पुन्हा कुबड्यांकडे वळतो. त्यामुळे शस्त्रवैद्य, भौतिकी चिकित्सक व कारागीर यांनी एकत्र काम करणे अपरिहार्य ठरते. प्रारंभी लाकूड, चामडे व ॲल्युमिनियम यांचा वापर होई. पुढे प्लॅस्टिके आणि कार्बन तंतू ही हलकी द्रव्ये प्रचारात आली.

पाश्चात्त्य बनावटीचा पाऊलभाग बूट घालून चालण्यासाठी घडविलेला असल्याने अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे व चिखलात काम करणे ही येथील लोकांच्या नित्याची कामे त्याने साधत नसत. ही अडचण जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेल्या रबरी पावलाने बऱ्याच अंशी दूर केली. उपचाराचे साधन रुग्णाच्या राहणीशी जुळले पाहिजे, हा धडा त्यामुळे देशातील सर्वच केंद्रांना मिळाला.

पुण्याच्या केंद्रातून कृत्रिम पाय घेऊन बाहेर पडलेल्या सैनिकांत इयान कार्डोझो हे विशेष प्रसिद्ध आहेत. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सुरुंगावर पडून त्यांचा पाय छिन्नविच्छिन्न झाला, तेव्हा त्यांनी तो स्वतःच खुकरीने कापला. पुढे कृत्रिम पायानिशी त्यांनी पायदळाच्या पलटणीचे व नंतर ब्रिगेडचे नेतृत्व केले. असे अपंगत्व आलेल्या अधिकाऱ्याला भारतीय सेनेत हे अधिकार प्रथमच मिळाले आणि ते मेजर जनरल या हुद्यावरून निवृत्त झाले.

मेरुरज्जूला इजा होऊन कमरेखालील भाग लुळा पडलेल्यांची स्थिती याहून बिकट असते. स्पर्शज्ञान गेल्याने त्यांना शय्याव्रण होतात व मूत्रमार्गात संक्रामण होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लूडव्हिग गुटमान यांनी १९४४ पासून दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी व खेळ यांची सांगड घालून हे मृत्यू टळू शकतात हे दाखवून दिले. तेथील १९४८ च्या क्रीडास्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा विकसित झाल्या. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकी येथे अशा सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. निवास, शुश्रूषा, हस्तव्यवसाय व चाकाच्या खुर्चीवरील खेळ यांची तेथे सोय आहे.

सांगली जिल्ह्यात जन्मलेले व पुढे पुण्यात स्थायिक झालेले सैनिक मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून असेच अपंग झाले होते. १९७२ मध्ये हायडल्बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय. त्यांना पद्मश्री हा किताब मात्र २०१८ मध्ये मिळाला.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४८ मध्ये पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने लष्करी वैद्यकाचे उच्च शिक्षण येथे केंद्रित झाले. १९५५ मध्ये भारतीय विकलांग चिकित्सक संघटना स्थापन झाली व ही शाखा सामान्य शस्त्रक्रियाविज्ञानापासून हळूहळू वेगळी होत गेली. क्षय, कुष्ठरोग व बालपक्षाघात या तीन रोगांनी आणलेले अपंगत्व हा या काळातील मुख्य प्रश्न होता.

मणक्यांच्या क्षयाने पाठीला कुबड येते व मेरुरज्जूवर दाब पडून पाय लुळे होतात. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध (१९४४) व त्यानंतरची क्षयरोधक औषधे उपलब्ध होईपर्यंत दीर्घकाळ अंथरुणावर निजवून ठेवणे, मोकळी हवा व प्लास्टर एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. औषधांमुळे बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होऊ लागले [→ क्षयरोग].

कुष्ठरोगात तंत्रिका बधिर होऊन बोटे नखीसारखी वाकतात व पाऊल लोंबते. सुस्थितीतील स्नायूची कंडरा वळवून हे कार्य पुनःस्थापित करण्याची शस्त्रक्रिया पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४८ पासून विकसित केली. १९५० नंतरच्या दशकात शस्त्रवैद्य नोशिर अंतिया यांनी पुण्यानजीक कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात अशाच पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया हाती घेतल्या. रोग बरा झाला तरी विद्रूप चेहरा व वाकडे हात पाहून समाज रुग्णाला दूर ठेवतो. त्यामुळे या शस्त्रक्रियांचे मोल केवळ शारीरिक नव्हते [→ कुष्ठरोग].

बालपक्षाघाताने पाय लुळे पडलेल्या मुलांसाठी मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये उपचार केंद्र सुरू केले. आधारपट्ट्या, कुबड्या, कंडरा-स्थानांतर व सांधा स्थिर करणे हे उपचार पुण्यातील रुग्णालयांतही दीर्घकाळ चालू होते. तोंडावाटे देण्याच्या लशीची देशव्यापी मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. भारतातील निसर्गजन्य विषाणूचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी हा विभाग रोगमुक्त घोषित झाला. कित्येक दशके कक्ष भरून टाकणारा एक विकार अशा रीतीने शस्त्रक्रियेमुळे नव्हे, तर प्रतिबंधामुळे नाहीसा झाला [→ बालपक्षाघात].

दरम्यान पुण्याभोवती कारखाने वाढले, सायकलींचे शहर दुचाकी मोटारींचे शहर झाले आणि मांडी व नडगी यांच्या अस्थिभंगांचे प्रमाण वाढले. अशा रुग्णाला महिनोन् महिने वजने लावून निजवून ठेवण्याऐवजी हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा (गेऱ्हार्ट क्यून्टशर, १९४०) किंवा बाहेरून पट्टी बसवून लवकर चालविणे ही पद्धत रूढ झाली. डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी १९६५ मध्ये पुण्यात सुरू केलेले रुग्णालय पुढे विकलांग चिकित्सा व पुनर्वसन यांचे शिक्षण देणारी संस्था म्हणून विस्तारले. जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये यशस्वी केलेल्या नितंबसंधिरोपणानंतर गुडघ्याचेही कृत्रिम सांधे तयार झाले. परदेशी सांधे महाग पडत असल्याने संचेती यांनी ‘इंडस’ हा देशी बनावटीचा गुडघा विकसित करण्यात पुढाकार घेतला. त्यांना पद्मश्री (१९९१), पद्मभूषण (२००३) व पद्मविभूषण (२०१२) हे किताब मिळाले.

बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या योगसंस्थेत दोऱ्या, ठोकळे, पट्टे यांच्या आधाराने आसने करवून घेण्याची पद्धत वाढीस लागली. पाठदुखी व सांध्यांचा ताठरपणा असलेले अनेक लोक तिचा अवलंब करतात. मात्र संक्रामण, अर्बुद किंवा तंत्रिकेवरील दाब नाही याची खात्री अगोदर करून घेणे आवश्यक असते.

संशोधन : सांध्यांच्या विकारांसंबंधीचे दोन महत्त्वाचे अभ्यास पुण्यातून झाले. पहिला चिकुनगुन्या या विषाणुजन्य ज्वरासंबंधीचा होय. त्याच्या आफ्रिकी नावाचा अर्थ ‘वाकून जाणे’ असा असून सांधेदुखीने रुग्ण वाकतो यावरून ते पडले आहे. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील १९७३ च्या साथीचा अभ्यास केला. त्यानंतर सु. बत्तीस वर्षे हा रोग मोठ्या साथीच्या रूपाने दिसला नाही. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा त्याचा विषाणू पूर्वीच्या आशियाई प्रकाराचा नसून आफ्रिकी प्रकाराचा असल्याचे या संस्थेने दाखविले. ज्वर आठवड्यात उतरला तरी काहींची सांधेदुखी महिनोन् महिने टिकत असल्याने शेतमजुरांची मजुरी दीर्घकाळ बुडते.

दुसरा अभ्यास इंदापूर तालुक्यातील भिगवण येथील आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या कार्यक्रमानुसार पुण्यातील संधिरोगतज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघर पाहणी केली. पाहणीत आलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना हाडे, सांधे वा स्नायू यांची पीडा असल्याचे आढळले. गुडघे इत्यादींची झीज ५.८ टक्के, तर संधिवाताभ संधिशोथ ०.५ टक्के व्यक्तींत होता. बहुतेकांची पीडा विशिष्ट रोगाच्या व्याख्येत न बसणारी अंगदुखी, पाठदुखी व स्नायूंचे दुखणे अशा स्वरूपाची होती. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून समाजातील विकारांचे चित्र काढणे अपुरे ठरते, हे या पाहणीने स्पष्ट केले. संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण अल्प असले, तरी त्यात योग्य औषधे लवकर सुरू न झाल्यास सांधे कायमचे विकृत होतात. म्हणून तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे असते.

जहांगीर रुग्णालयाशी निगडित संशोधन संस्थेत मुलांच्या हाडांची वाढ, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांसंबंधी संशोधन होते. बालपणी व तारुण्यात हाडांत साठलेले खनिजद्रव्य उतारवयात उपयोगी पडत असल्याने वृद्धांच्या अस्थिभंगाचा प्रतिबंध शाळेच्या वयातच सुरू करावा लागतो.

सद्यःस्थिती : सांधारोपण, दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया, मणक्यांवरील शस्त्रक्रिया इ. सर्व सोयी पुण्यात उपलब्ध आहेत. त्यांचा खर्च ही सर्वसामान्यांपुढील मुख्य अडचण होय. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली. राज्य शासनाची २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजनाही अनेक शस्त्रक्रियांचा भार उचलते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारविषयक कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून स्नायूंच्या आनुवंशिक अपक्षयाचा त्यांत स्वतंत्र समावेश आहे. सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता येतील अशी करणे हे या कायद्याने बंधनकारक ठरविले आहे. कृत्रिम पाय किंवा चाकाची खुर्ची मिळालेल्या व्यक्तीस कचेरीचा जिना व बसची पायरी ओलांडता येत नसेल, तर शस्त्रवैद्य व कारागीर यांचे श्रम अपुरे राहतात. १९२२ मध्ये खडकीत सुरू झालेल्या कार्याचा हा भाग अद्याप पूर्ण व्हावयाचा आहे.